कॅन्सरचं बिल सरकार भरतं, धीराचं कोण भरणार?

मीरा रोड स्टेशनवर सकाळी दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो, तिथे काही माणसं रोज उभी दिसतात. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी, पिशवीत जाडजूड फाइल, डोक्याला रुमाल नाहीतर स्कार्फ, तोंडाला मास्क. हा मास्क कोरोनाच्या आधीपासूनचा. ही मंडळी परळला निघालेली असतात. मुंबईच्या लोकलमध्ये कॅन्सरच्या पेशंटला या डब्यातून जायची मुभा आहे.

२०१७ साली आमची वहिनी या डब्यातून जायची. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग रेडिएशन सुरू झालं. रेडिएशनला आठवड्यातले पाच दिवस जावं लागतं. दादाची नोकरी पाळीची, त्यामुळे सोबत मी. वहिनी त्या डब्यात आणि मी शेजारच्या जनरल डब्यात दांडीला लटकलेला. दादरला उतरून भेटायचं, पूल ओलांडायचा आणि सेंट्रलने परळ.

दुसऱ्या आठवड्यात मला एक गोष्ट लक्षात आली. घरून निघताना वहिनीचा चेहरा जसा असायचा, त्यापेक्षा दादरला उतरताना जरा बरा असायचा. गर्दीत तासभर कोंबून आलेलं माणूस ताजंतवानं कसं काय उतरतं? विचारलं तर म्हणाली, "अहो भावजी, डब्यात आमचा ग्रुप आहे."

ग्रुप म्हणजे नालासोपाऱ्याच्या एक मावशी, वसईच्या एक शिक्षिका, विरारहून येणारी एक तरुण मुलगी आणि भाईंदरला चढणारे एक काका. केमोनंतर तोंडाची चव गेली की काय खायचं, केस गळायची वाट न बघता आधीच बारीक का कापायचे, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने बादली का उचलायची नाही, नवरा जवळ यायला घाबरतो तेव्हा त्याला काय सांगायचं, हे सगळं तिला त्या डब्यात कळलं. डॉक्टर चांगलेच होते, पण त्यांच्यापुढे रांग केवढी! शेवटचा प्रश्न तर डॉक्टरांना विचारायची तिची हिंमतही झाली नसती.

शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी आम्ही येताना पेढे घेतले. घरी आल्यावर वहिनी रडायला लागली. आम्हाला वाटलं आनंदाने. ती म्हणाली, "उद्यापासून डबा नाही."

आणि मी? मला तर डबाही नव्हता. रात्री झोप लागायची नाही, ऑफिसात चुका व्हायच्या, दादाशी उगाच भांडणं व्हायची. पण "पेशंटसोबत कोण आहे?" असं ओरडून कुणी बोलावलं तर ते सही करायला नाहीतर औषध आणायला. "तुम्ही कसे आहात?" असं पाच महिन्यांत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं हेही मला कळलं नसतं म्हणा.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न आहे. ऑपरेशनला सरकारी योजना आहे, केमोला आहे, रेडिएशनला आहे. मग त्या डब्यातल्या गप्पांना का नाही? हा प्रश्न भावनिक वाटतो, पण त्याला मोठा इतिहास आहे. तो जमेल तसा वाचून काढला, म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीने वाचा.

सुरुवात कॅन्सरपासून नाही, टीबीपासून करावी लागते. १९०५ साली अमेरिकेत बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरने गरीब टीबी पेशंटांचा एक वर्ग सुरू केला. टीबीवर तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढंच हातात. श्रीमंत पेशंट डोंगरावरच्या सॅनटोरियममध्ये जायचे, गरिबांनी चाळीत राहून हे कसं पाळायचं? प्रॅटने त्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवलं. प्रत्येकाने आपली वही आणायची, वजन करायचं, काय खाल्लं आणि किती विश्रांती घेतली ते सांगायचं. हेतू शिस्तीचा होता. पण प्रॅटच्या लक्षात आलं की एकाच दुखण्याची माणसं एकत्र बसली की एकमेकांना उभारी देतात आणि ती उभारी औषधासारखी काम करते. आज ज्याला ग्रुप थेरपी म्हणतात तिचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या वर्गापासून सुरुवात करतात. आणि या वर्गाचा खर्च कोण करत होतं? एक चर्च. सरकार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हापुन्हा भेटणार आहे.

कॅन्सरच्या बाबतीत असंच काम १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर या बाईंनी सुरू केलं. स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना कळलं की घरी जाऊन हात कसा हलवायचा, ब्लाउजमध्ये काय घालायचं, नवऱ्याशी आणि मुलांशी काय बोलायचं, हे सांगणारं कुणीच नाही. मग त्या स्वतःच हॉस्पिटलात जाऊन नव्याने ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू लागल्या. सुरुवातीला डॉक्टरांना ते आवडलं नाही. ही कोण बाई, हिला काय कळतं, असा सूर. पण बायकांना ती हवी होती. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे काम आपल्या पंखाखाली घेतलं आणि पुढे ते अनेक देशांत गेलं. आमच्या डब्यातल्या नालासोपाऱ्याच्या मावशी नेमकं हेच करत होत्या. त्यांनी लॅसरबाईंचं नावही ऐकलं नसणार.

आता आपल्या परळला येऊ.

मेहेरबाई टाटा यांचं १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने निधन झालं. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला कॅन्सरचं हॉस्पिटल उभारलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ते चालवायला घेतलं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जेकडे कसं, असं आजही अनेक जण विचारतात. उत्तर रेडिएशनमध्ये आहे. अणुशक्तीचा उपयोग माणूस बरा करण्यासाठीही व्हावा, ही होमी भाभांची दूरदृष्टी होती.

म्हणजे एका कुटुंबाच्या दुःखातून आणि दानातून उभी राहिलेली वास्तू पुढे तुमच्याआमच्या करांच्या पैशावर चालू लागली आणि देशभरच्या गरिबांना तिचा आधार झाला. इतिहासातली ही सरळ गोष्ट आहे. दानाने सुरू झालेलं काम सरकार उचलू शकतं आणि नीट चालवूही शकतं.

पण सरकारने उचललं काय? खाटा, मशीन, डॉक्टर, नर्स, संशोधन. हॉस्पिटलच्या भिंतीबाहेरची सोबत दानावरच राहिली. बघा ना ओळीने.

१९५१ मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी काढली, ती स्वयंसेवी. १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आली, तीही स्वयंसेवी. पेशंटला आणि घरच्यांना हाताला काम मिळावं, एकत्र बसून वस्तू बनवता याव्यात, ही कल्पना तिने राबवली. गावाकडून आलेल्या पेशंटला राहायला जागा म्हणून दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. गाडगेबाबांच्या नावाने आणि लोकांच्या दानाने चालणारी. तिथल्या जिन्यावर आणि व्हरांड्यात जेवढे धीराचे शब्द बोलले गेले असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसोझांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. जिथे बरं होणं शक्य नाही, तिथे शेवट सुसह्य व्हावा म्हणून. तेही देणग्यांवर.

१९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं. त्या स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेल्या. कॅन्सर होऊन गेलेली माणसंच नव्या पेशंटला भेटतात, ही त्यांच्या कामाची मुख्य कल्पना. लहान मुलांच्या बाबतीत टाटा हॉस्पिटलने १९९१ मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक काढलं. बऱ्या झालेल्या मुलाकडेही वर्षानुवर्षं लक्ष द्यावं लागतं, हे तिथे मान्य झालं. पुढे २००९ मध्ये लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्या तरुणांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली सुरू झाला. लग्नाच्या वेळी सांगायचं का, नोकरीच्या फॉर्ममध्ये लिहायचं का, मूल होईल का, हे प्रश्न त्यांचे त्यांनाच माहीत. बाहेरच्या माणसाला सुचणारही नाहीत.

ही सगळी मोठी माणसं आणि मोठं काम. नाव घेऊन नमस्कार करावा असं. पण दानावर चालणारं काम जिथे दाते, स्वयंसेवक आणि हॉस्पिटल आहे तिथेच वाढतं. म्हणजे परळ, दादर, वांद्रे. मीरा रोडचा पेशंट उपचार चालू असेपर्यंत परळला जातो. उपचार संपले की तो इथे, आपल्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसतो. त्याच्यासाठी परळ तेव्हा खूप लांब असतं.

आता सरकारच्या बाजूने बघू. काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

राष्ट्रीय कॅन्सर नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ मध्ये आला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये. दोन्ही कागदावर शेजारी शेजारी, पण एकमेकांशी बोलत नव्हते. कॅन्सरवाले गाठ बघायचे, मनाच्या आरोग्यवाले मनोरुग्ण बघायचे. गाठ असलेल्या माणसाचं मन कुणाच्या खात्यात, हे ठरलंच नाही. २०१० मध्ये मधुमेह, हृदयरोग, पक्षाघात आणि कॅन्सर यांचा एकत्र कार्यक्रम आला. २०१२ मध्ये केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदना कमी करून आराम देणाऱ्या उपचारांचा, कार्यक्रम आला. महाराष्ट्रानेही त्याच सुमारास आपलं धोरण केलं. त्यात मनाचा आणि कुटुंबाचा विचार आहे. पण तो मुख्यतः गंभीर आजारी आणि शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी. आमच्या वहिनीसारखी, उपचार संपवून घरी आलेली आणि आता जगायचं कसं हे न कळणारी बाई त्यात नीट बसत नाही.

पैशाच्या योजना बघा. २०१२ मध्ये राज्यात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती राज्याने पाच लाखांवर नेली. या योजनांनी किती घरं वाचवली ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पण या योजनेची रचनाच अशी आहे की हॉस्पिटलने एखादी ठरलेली प्रक्रिया केली की तिचे पैसे हॉस्पिटलला मिळतात. दहा बायका एका खोलीत गोल बसून दीड तास बोलल्या, याला प्रक्रिया म्हणत नाहीत. त्यामुळे त्याला दर नाही. दर नाही म्हणून पैसे नाहीत आणि पैसे नाहीत म्हणून ती खोली नाही.

इथे कुणी म्हणेल, बरोबरच आहे. गप्पांनी कॅन्सर बरा होतो का?

नाही होत. हे स्वच्छ सांगितलं पाहिजे, कारण या विषयात भाबडेपणा फार आहे. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिड स्पिगेल यांचा अभ्यास आला. शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ बायकांचा. ज्या दर आठवड्याला गटात बसल्या, त्या बाकीच्यांपेक्षा जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. जगभर गाजावाजा झाला. मग २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर मोठा अभ्यास झाला. त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पुढे स्पिगेल यांनीच पुन्हा तपासलं, त्यांनाही आयुष्य वाढल्याचा एकंदर पुरावा मिळाला नाही. मात्र कॅनडाच्या त्या अभ्यासात गटात बसलेल्या बायकांचं मन जास्त स्थिर राहिलं आणि वेदनेचा त्रास कमी जाणवला, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना. म्हणजे गट आयुष्याचे दिवस वाढवत नाही, पण असलेले दिवस जगण्याजोगे करतो. चष्म्याने तरी आयुष्य कुठे वाढतं? तरीही पालिकेच्या शिबिरात आपण चष्मे वाटतोच ना?

दुसरा आक्षेप असा येतो की हे सरकारचं कामच नाही, घरचे आहेत, नातेवाईक आहेत, देवळं-मशिदी-चर्च आहेत, त्यांनी बघावं. या आक्षेपाला उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

एड्स आठवतो? नव्वदच्या दशकात मुंबईत त्याची काय दहशत होती! १९९२ मध्ये केंद्राने नॅको ही संस्था उभी केली, १९९८ मध्ये मुंबईसाठी वेगळी एड्स नियंत्रण संस्था झाली. या कार्यक्रमाने एक गोष्ट केली जी कॅन्सरमध्ये कधी झाली नाही. चाचणी केंद्रात पगारी समुपदेशक बसवला. चाचणीच्या आधी बोलायचं, चाचणीनंतर बोलायचं, घरच्यांशी बोलायचं. शिवाय २००७ ते २०१२ च्या टप्प्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या संघटनांना पैसे देऊन त्यांची केंद्रं चालवली. तिथे येऊन बसायचं, बोलायचं, औषध चुकवू नको म्हणून एकमेकांना टोकायचं. त्या कार्यक्रमाला जागतिक बँकेचं आणि परदेशी निधीचं पाठबळ होतं हे खरं. पण तो सरकारी कार्यक्रम होता आणि त्यात 'माणसाने माणसाशी बोलणं' याला बजेटमध्ये स्वतंत्र ओळ होती. टीबीच्या कार्यक्रमातही आज बरे झालेले पेशंट 'टीबी चॅम्पियन' म्हणून नव्या पेशंटला आधार देतात. म्हणजे सरकारला हे कळतं, जमतं आणि त्याने करून दाखवलं आहे. कॅन्सरच्या बाबतीत कुणी मागितलंच नाही.

का मागितलं नाही? मला वाटतं एक कारण असं की एड्स आणि टीबी संसर्गाचे. एकाने औषध सोडलं तर दुसऱ्याला धोका, म्हणून सरकारला पेशंटच्या मनाची काळजी घ्यावी लागली. कॅन्सरचा पेशंट खचून घरात बसला तर शेजाऱ्याला काही होत नाही. नुकसान फक्त त्याचं आणि त्याच्या घरचं. दुसरं कारण लाजेचं. आजही आपल्याकडे "तिला जरा गाठ आली होती" एवढंच म्हणतात. मुलीचं लग्न व्हायचंय, सोसायटीत कळायला नको. जे लपवायचं, त्यासाठी मोर्चा कोण काढणार?

आता तिसरी गोष्ट: सरकार नेमकं कसं करणार? यालाही दोन चांगली उदाहरणं आहेत.

एक केरळचं. १९९३ मध्ये कालिकतला डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी पॅलिएटिव्ह केअरची संस्था काढली. काही वर्षांत गल्लीगल्लीतले स्वयंसेवक त्यात आले. २००८ मध्ये राज्य सरकारने धोरण केलं आणि ही जबाबदारी पंचायती-नगरपालिकांच्या आराखड्यात आणली. घरी जाणारी नर्स स्थानिक संस्थेच्या पैशातून आणि तिच्यासोबत जाणारा शेजारी मनाने. स्वयंसेवक होतेच, सरकारने त्यांच्या खालची जमीन पक्की केली.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. व्यसनमुक्तीचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं ते येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. जागा सरकारी, सुरुवातीची मदत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंची, आणि काम डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं. तिथेही मुख्य गोष्ट गटात बसून बोलणं हीच. व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्या माणसाला हात देतात, आणि घरच्यांनाही वेगळं बसवून बोलतं केलं जातं. कारण दारू एक जण पितो, आजारी अख्खं घर असतं. कॅन्सरलाही हेच लागू आहे. डॉ. अनिता अवचट यांना पुढे स्वतःला कॅन्सर झाला, १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांनी उभं केलेलं काम आजही चालू आहे.

दोन्हीकडे सूत्र एकच. जागा आणि एक पगारी जाणतं माणूस जनतेच्या पैशातून. बाकीचं त्यातून गेलेल्या माणसांकडून.

मग आपल्या मीरा-भाईंदरला काय करता येईल?

आपलं शहर नवं आहे. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. (टाटा हॉस्पिटल सुरू झालं तीही २८ फेब्रुवारीच. योगायोग, दुसरं काही नाही.) २०११ च्या जनगणनेत आपण ८ लाख ९ हजार होतो, आता किती आहोत ते सकाळी आठच्या लोकलमध्ये चढून बघा. देशात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर होतो. आपल्यासारख्या शहरात त्यातले किती, याचा हिशोब सोडा. तुमच्या सोसायटीतली घरं आठवा, उत्तर मिळेल.

महापालिका कायद्यात दोन प्रकारची कामं आहेत. कलम ६३ मध्ये करायलाच हवीत अशी, कलम ६६ मध्ये इच्छा असेल तर करता येतील अशी. सार्वजनिक आरोग्य हे पालिकेचं काम आहेच. महिला व बालकल्याणासाठी वेगळा निधी असतो. पालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, समाजमंदिरं आहेत, वाचनालयं आहेत. दुपारी त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या असतात.

मी साधा हिशोब मांडलाय. आकडे माझे अंदाजाचे आहेत, चुकले असतील तर सुधारा.

एक प्रशिक्षित समुपदेशक, महिना ३०,००० रुपये. वर्षाचे ३ लाख ६० हजार.
आठवड्याला दोन बैठका, एक पेशंट आणि बऱ्या झालेल्यांची, एक घरच्यांची. वर्षाला १०४ बैठका.
चहा-बिस्किटं, बैठकीला ५०० रुपये. वर्षाचे ५२ हजार.
बैठक चालवायला मदत करणाऱ्या, कॅन्सरमधून गेलेल्या दोघांना येण्याजाण्याचे प्रत्येकी ३०० रुपये. वर्षाचे ६२,४००.
छपाई, फोन, किरकोळ २० हजार.

एकूण ४ लाख ९४ हजार ४०० रुपये.

म्हणजे सरकारी योजनेत एका कुटुंबाला वर्षाला जी कमाल मर्यादा आहे, तेवढ्यात अख्ख्या शहरासाठी एक गट वर्षभर चालतो. एखाद्या चौकातल्या कमानीला किती खर्च येतो, ते मी इथे लिहीत नाही. कमानी आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत.

"आधी पाणी द्या, खड्डे बुजवा" असं कुणी म्हणणार हे माहीत आहे. मीही टँकरला पैसे मोजलेले आहेत. पण पाच लाखांत पाण्याचा प्रश्न सुटत नाही. पाच लाखांत हा एक प्रश्न बराचसा सुटतो.

धोके आहेत, तेही सांगतो. असा गट सुरू झाला की पहिल्याच महिन्यात कुणीतरी जडीबुटी विकायला येईल, कुणी 'केमो सोडा, हा रस प्या' सांगेल. म्हणून जाणतं माणूस लागतं, आणि तिथे औषध विकायचं नाही हा नियम भिंतीवर लागतो. दुसरा धोका 'पॉझिटिव्ह राहा' वाल्यांचा. जो बरा होत नाही त्याला वाटायला लागतं की आपलंच मन कमी पडलं. हे पाप आहे. गटात रडायची मुभा हवी, रागवायची मुभा हवी. तिसरं, भाषेचं. आपल्याकडे मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, कोकणी, मल्याळम सगळं आहे. नया नगरची बाई आणि भाईंदर गावातली बाई एका खोलीत आली पाहिजे आणि दोघींना मोकळं बोलता आलं पाहिजे. त्या डब्यात हे रोज होत होतं, तेव्हा खोलीत न व्हायला कारण नाही. आणि चौथं, बोललेलं खोलीबाहेर जाता कामा नये. फोटो नाहीत, बॅनर नाहीत, उद्घाटनाला रांगेत उभे केलेले पेशंट नाहीत. हे शेवटचं आपल्या पुढाऱ्यांना सगळ्यात जड जाईल.

काळही अनुकूल आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढायची घोषणा झाली, पहिल्या वर्षी २००. म्हणजे केमो घराच्या जवळ येईल. फार चांगलं. पण एक विचार करा. केमो जवळ आली की परळचा प्रवास संपेल आणि प्रवास संपला की तो डबाही जाईल. आजवर पेशंटना एकमेकांची गाठ घालून दिली ती गैरसोयीने. सोय झाल्यावर ती गाठ कोण घालून देणार? तेव्हा त्या केंद्रांच्या आराखड्यात खुर्च्या, सलाइनचे स्टँड आणि औषधांची कपाटं लिहिताना एक खोली आणि एक समुपदेशक आत्ताच लिहून घेतला पाहिजे. नंतर 'तरतूद नाही' हे उत्तर तयारच असतं.

तोपर्यंत रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेलिमानस हा सरकारी फोन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. फोन म्हणजे गट नव्हे, पण अंधारात एक आवाज तरी आहे.

माझं मागणं छोटं आहे. पालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पात आरोग्य विभागाखाली एक ओळ: 'कॅन्सर रुग्ण, बरे झालेले नागरिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी आधार गट, ५ लाख रुपये.' आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, आयुक्तांना, आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत्येकाने एक साधं पत्र लिहायचं. भाषा नम्र, सही खरी. मी मसुदा तयार केलाय. हवा असेल त्यांनी मागा, मी पाठवतो. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी यातून गेलं असेल तर पत्रात एवढंच लिहा की अशी खोली असती तर मी आलो असतो, आले असते. आजाराचा तपशील द्यायची गरज नाही.

वहिनी आता ठीक आहे. वर्षातून एकदा तपासणीला जाते. गेल्या वेळी मी म्हटलं, टॅक्सीने जाऊ, आता काय घाई आहे. नको म्हणाली. सकाळची लोकल पकडली, त्याच डब्यात चढली. जुनं कुणी भेटणार नव्हतंच. दादरला उतरली तेव्हा सोबत एक नवीन पोरगी होती, डोक्याला नवा कोरा स्कार्फ. पुलावर दोघी माझ्या पुढे चालत होत्या. वहिनी तिला सांगत होती, त्या हाताने पिशवी धरू नकोस, ह्या हाताने धर.